सातशे तेहतीस अंश

आईच्या वहीतली कृती, एखाद्या लोणच्याची असावी तशी:
टेल्युरियम, बारीक कुटून, वीस ग्रॅम.
आधी पाणी. मग नायट्रिक आम्ल, थोडं थोडं, घाई नको.
तपकिरी वाफा येतील, धुराड्याखाली धर.
लगेच गाळ; रेंगाळलीस तर गाळणीतच बसेल.
मग आटव. तळाशी पांढरे खडे धरतील,
त्यांच्यात आम्ल अजून दडलेलं असतं,
चारशे तीस अंशांवर दोन तास भाजलं की सोडून जातं.

समासात, शिसपेन्सिलीने: ताया – बूट – बुधवारी.

कालिनिन. व्होल्गा गोठलेली. सन एकोणऐंशी.
ट्राममध्ये आईच्या शेजारची जागा रिकामी राहायची.
केवढा लसूण खाते ही बाई, म्हणायचे लोक.
घरात लसणाची पाकळी नव्हती.
कणभर टेल्युरियम अंगात गेलं
की देह त्याला वास करून बाहेर घालवतो,
श्वासातून, घामातून, कित्येक आठवडे.
मी भिंतीकडे तोंड करून निजायचे.
तिने मला कधी वळवलं नाही.
दारातूनच म्हणायची, झोप.

ती पांढरी भुकटी तापली की पिवळी, निवली की पुन्हा पांढरी.
पाण्याला दाद देत नाही;
आम्लात विरघळते, अल्कलीतही,
दोन्ही घरांशी सोयरीक राखून असल्यासारखी.
सातशे तेहतीसला वितळते, लाल.
प्लॅटिनमच्या मुशीतल्या त्या रसावर
बीज टेकवायचं, फिरवत फिरवत वर ओढायचं,
तासाला अर्धा मिलिमीटर.
रात्रपाळीला आई आणि ग्लेब सावेल्येविच,
एकाने डुलकी काढायची, एकाने काटा बघायचा.

एकदा वीज गेली. चार मिनिटं.
अकरा दिवसांचा स्फटिक.
आवाज कसा झाला, मी विचारलं.
ती म्हणाली, बशी.

त्यातला एक तुकडा माझ्याकडे आहे. पाण्यासारखा नितळ,
आणि दिसतो त्याहून जड.
लोखंडात आवाज सेकंदाला पाच किलोमीटर धावतो,
यात, एका दिशेने, जेमतेम सहाशे मीटर,
आणि जाता जाता उजेडाला वळवतो.
त्यासाठीच करायचे ते.

खिडकीशी नेऊन, ओठांना लावून मी म्हटलं, आई.
उजेड हलला नाही.
सेकंदाला कोट्यवधी कंपनं लागतात म्हणे,
माणसाचा गळा पुरत नाही.

मग हुंगून पाहिला.
कसलाच वास नव्हता.