पातळ

सोमवारी पूर्ण, मंगळवारी अर्धी,
बुधवारी पूर्ण, गुरुवारी परत अर्धी.
गोळी तोडायला वच्छला अडकित्ता घेते.
माझी सुपारी सुटल्यापासून
त्याला दुसरं काम नव्हतं.

झडप बदलली तेव्हा धंतोलीचे डॉक्टर म्हणाले,
आता रक्त पातळ ठेवावं लागेल, कायमचं.
मला आधी आठवलं ते नेसायचं पातळ,
गोळीबार चौकामागच्या गल्लीत
बाबा मागावर विणायचे ते,
करवतकाठी, अंजिरी.
आणि धोट्याचा आवाज,
खट्, खट्,
आम्ही पोरं त्याच्याच तालावर झोपायचो.
आता तो माझ्या छातीत आहे.
नातू कान लावून विचारतो,
आबा, तुमच्या आत घड्याळ आहे का?
घड्याळ नाही रे. माग.
माग म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नाही.

डाग कुठून येतात, मला कळत नाही.
स्कूटरच्या हँडलचा, बसच्या दांडीचा,
झोपेत लागलेल्या नातवाच्या टाचेचा.
जांभळे उठतात, मग हिरवट होतात,
मग हळद लावल्यासारखे पिवळे.
अंघोळीला पाणी काढताना वच्छला पाठ बघते
आणि मोजते.
आकडा मला सांगत नाही.
गुडघा दुखला तर नेहमीची गोळी चालत नाही,
दात दुखला तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.
आणि थंडी अशी वाजते
की मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
मी ओट्यावर मोजे घालून बसतो.
मोहल्ला हसतो.
हसू दे बावा.

सांबारवडीची गोष्ट वेगळीच.
हिरवं बंद नाही, डॉक्टर म्हणाले,
पण रोज सारखंच खा,
आज ढीगभर अन् उद्या काहीच नाही, असं नको.
अहो, सांबारवडी रोज सारखी कोण खातं?
ती थंडीत होते
आणि ताटात पडली की मोजायची नसते.
मागच्या डिसेंबरात मी सात खाल्ल्या,
दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार.
रिपोर्ट आला, एक पूर्णांक सहा.
लॅबमधला इरफान कागदाकडे बघत राहिला.
काका, काऊन असं करता?
मग गोळी वाढली,
आणि पंधरा दिवसांत आकडा पाचवर.
सकाळी उशीवर लाल डाग.
मला वाटलं, पानाचा.
पान तर मी सुपारीसोबतच सोडलं होतं.

संक्रांतीला गच्चीवर मला खुर्ची देतात.
चक्री धरायची, एवढंच.
जुनी शुक्रवारी पालथी घालून
मांजा पारखून आणणारा मी.
ही तर्जनी बघा,
तीन पांढऱ्या रेषा,
प्रत्येकीचं साल सांगतो, विचारा.
बाजूच्या गच्चीवरून निनाव्यांचे पोट्टे ओरडले, ओ काट!
आणि एक काळा पतंग डोलत आला,
आमच्या टाकीवरून पुढे निघाला,
मांजा माझ्या खांद्यावरून सरकत होता.
खुर्चीवरच्या माणसानं विचार करायला हवा होता.

चीर केसाएवढी.
मी मोरीत गेलो, कडी लावली,
बोट दाबून उभा राहिलो.
लोकांचं दोन मिनिटांत थांबतं.
मी आतले धोटे मोजले,
सातशेच्या पुढे चुकलो,
परत एकपासून.
बाहेरून वच्छलाची हाक आली, तिळाच्या वड्यांसाठी.
दुसरी हाक.
तिसरी आलीच नाही.

दाराखालून कापूस आला.
मग चिकटपट्टी.
मग बराच वेळ नुसती तिची सावली,
फटीत, न हलणारी.
शेवटी म्हणाली,
कोणता होता?
काळा, मी म्हटलं. लाल डोळ्याचा. गोंडेदार.
ती गप्प.
छातीत खट्, खट्.
मग हळूच, जणू शेजारी ऐकतील,
भेटला ना मंग?