तांपेरे, गुरुवारचा तास

माझ्याकडे बिल्ला नाही.
गळ्यात पाहुण्याचं कार्ड, अकरा वर्षं तेच.
पोलीस शाळेच्या तळघरात एक खोटं घर आहे :
दार, सोफा, प्लास्टिकचं जिरेनियम.
दर गुरुवारी मी तिथे कुणाची तरी आई होते
आणि पोरं येऊन सांगतात,
तुमचा मुलगा गेला.

"गेला नाही, मेला म्हणा.
गेला म्हटलं की बाई विचारते, कुठे?"
वायरलेस आधी बंद. नाव चुकवू नका.

इल्मारीने विचारलं होतं, बूट काढायचे का?
इथे घरात बूट घालून कुणी येत नाही,
आणि बुटांशिवाय वर्दी कसली!
नियमावलीत नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये तो आला, एकटाच, तास संपल्यावर.
"काढले," म्हणाला.
"डावा मोजा अंगठ्याशी फाटलेला.
नाव नीट घेतलं. मेला म्हणालो.
ती बराच वेळ अंगठ्याकडेच बघत होती.
मग म्हणाली, फरशी गार आहे,
गालिच्यावर ये."

पुढच्या गुरुवारी वर्गाला
यातलं काही सांगितलं नाही.
घरून एक जुना गालिचा आणून
दाराच्या आत टाकला.