राखीव

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईंच्या पोटमाळ्यावर
किलोवर विकायला काढलेल्या सामानात
तो दिसला. बिलं छापणारा प्रिंटर,
झाकण तुटलेलं, पोटात अर्धा रोल.
साडेतीनशे म्हणाले, दोनशे ऐंशीला दिला,
वर बजावलं, "लिनक्सवर नाही चालणार हां, ड्रायव्हरच नाही त्याला."
म्हटलं, म्हणूनच नेतोय.

कंपनीला लिहिलं, नम्रपणे, दोनदा.
कुठल्या खणात काय लिहायचं, एवढंच विचारलं होतं.
अंधेरीच्या ऑफिसातून उत्तर आलं:
आपली वार्षिक मागणी किती लाख नगांची?
एक नग, मी कळवलं. तोही घेऊन झालाय.
मग आला गोपनीयतेचा करार, अकरा पानी.
सही करा, सगळं सांगू,
सांगितलेलं मात्र कुणाला सांगायचं नाही.
म्हणजे गाणं शिकवणार,
पण तोंड मिटून गायचं.

नाही केली सही.
कन्नमवार नगरात, जेवायच्या टेबलावर
तारांना चिमटे लावून ऐकत बसलो
आठ महिने.
हेमांगी ताट मांडीवर घेऊन जेवायची,
विचारायची, "काय म्हणतोय आज?"
आज "सरक" म्हणाला.
आज "काप".
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं
तसा एकेक शब्द जमवला.

एक खण तेवढा उघडेना.
जुन्या मॉडेलच्या पुस्तिकेत, पान चौदावर,
त्याच्यासमोर एकच शब्द: राखीव.
कुणासाठी, ते नाही.

तरी सोडला बाहेर.
ज्याला हवा त्याने न्यावा, वाटेल तसा उसवावा, शिवावा.
फुकट ते पौष्टिक. नेला.

दोन वर्षांनी, रात्री पावणेबाराला,
बीकेसीतल्या काचेच्या इमारतीतून पत्र,
लाल उद्गारचिन्हासकट:
प्रिय पुरवठादार,
आमच्या सहाशे चाळीस औषधदुकानांत
दर दोनशेवं बिल कोरं येत आहे.
सकाळी नऊपर्यंत दुरुस्ती अपेक्षित.
सोबत नोंदणीचा फॉर्म. जीएसटी क्रमांक,
विमा किती कोटींचा, रद्द केलेला एक चेक.

अहो, मी कुणाचा पुरवठादार नाही.
दिवसा आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना गणित शिकवतो.
रद्द केलेला चेक मागताय,
आधी एखादा रद्द न केलेला पाठवून बघा की.

असं लिहिलं.
पाठवलं नाही.
कोरं बिल कोरंच होतं ना,
आणि वरचा ड्रायव्हर माझा.
कुणी म्हातारी कोरा कागद घेऊन
मुलाला हिशेब देत असेल, असं काहीबाही डोक्यात येत राहिलं.
पुन्हा चिमटे लावले.

तिसऱ्या रात्री एक मेल आली,
पाठवणाऱ्याचं नाव नाही,
उत्तर दिलं तर जागच्या जागी परत येणारा पत्ता.
"पान चौदा. त्या खणात लिहिण्याआधी
चाळीस मिलिसेकंद थांबा.
चिपमध्ये आमचीच चूक आहे,
म्हणून तो शब्द छापला. मीच छापला."

थांबलो चाळीस मिलिसेकंद.
चार हजार बिलं काढली, टेबलाखाली कागदाचा ढीग,
एकही कोरं नाही.
मदत करणाऱ्यांच्या यादीत एक ओळ वाढवली:
अंधेरीचे असावेत. नाव विचारलेलं नाही.

बीकेसीतून आभाराचा शब्द नाही.
फॉर्म भरला नसल्याची आठवण मात्र
दर सोमवारी येते, न चुकता.

परवा हेमांगीचा खोकला थांबेना म्हणून
खालच्या दुकानात गेलो, त्यांच्याच साखळीतल्या.
पोराने बटण दाबलं.
प्रिंटर इतका थोडा थांबला
की ते फक्त मला आणि आणखी एका माणसाला ठाऊक.
मग सरसरत आलं बिल, गरम,
तळाशी कंपनीचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात
सर्व हक्क राखीव.

हसू आलं.
पोरगा म्हणाला, "काका, सुटे सहा आहेत का?"