नव्वद, नव्वद

शनिवारी रोड नंबर सोळावरचं आमचं शटर अर्ध्यावर आलं
की मी हात धुते, आधी रॉकेलनं, मग साबणानं,
आणि उरलेल्या ग्रीसच्या वासासकट
जांभळी नाक्यामागच्या गल्लीत गालाशेठकडे पोचते.
तिथे मिक्सरची भांडी, पंख्याची पाती सगळं किलोवर.
फक्त तबकड्या नगावर.
"वाजेल तिचे शंभर, चरे असतील तिचे वीस," शेठ म्हणतात.
"चरे तूच बघ, मला चष्मा लागतो."

तबकडी तिरकी धरली की
ट्यूबलाइट खोबणींवरून घसरत जाते.
जिथे अडखळते तिथे बोट ठेवायचं नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मोटरच्या कॉईलला पण मी असाच हात लावते,
म्हणजे लावत नाही.

कामावर मी आवाजावरून दुरुस्त्या करते.
कॉम्प्रेसर काळी चारला गातो,
लिफ्ट पांढरी पाच, जरा उतरलेली.
बेअरिंग जायच्या आधी आठ दिवस
यंत्राच्या गळ्यात खरखर येते.
साहेब म्हणतात, मीटर लाव.
लावते. मीटर आठ दिवसांनी सांगतं.

घरी, चरईत, ठोंब्या आहे.
जुन्या स्कॅनरची मोटर, हॅंगरची तार,
डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं,
त्यांना काही दिसत नाही, पण नसली तर मला करमत नाही.
त्याचं काम एकच:
सुई अलगद ठेवायची, अलगद उचलायची.
हे शिकायला त्यानं अकरा तबकड्या खाल्ल्या.
वळताना तो काळी एकला लागतो.
त्या सुरात जे बसत नाही ते गाणं
मी सहसा आणत नाही.

त्याच्या हातातली दांडी कौस्तुभच्या टीव्ही गेमची.
कॅसेट लागली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो,
खरचटल्यावर मारतात तशी,
आणि ती बरी व्हायची.
इवलासा माणूस पळायचा, मागे तीनच आवाजांचा वाद्यवृंद.
जिंकल्याचा आवाज बेंडबाजाचा.
हरल्याचा मात्र पायऱ्या उतरत जायचा, टिंव, टिंव, टुंव,
आणि तळाशी काहीतरी मऊ.
त्या मऊसाठी मी मुद्दाम खड्ड्यात उडी मारायचे.
कौस्तुभ ओरडायचा, चान्स फुकट घालवलास!
आता तो मेलबर्नला असतो. फोनवर तो गेम आहे म्हणे, फुकट.
आवाज बंद करून खेळतो.

या शनिवारी वीस रुपयांत एक बिनलेबलची मिळाली.
कुणीतरी घरीच कोरून घेतलेली असावी.
ठोंब्यानं सुई ठेवली.
आधी स्टोव्हचा भर्रर्र. मग एक बाई, "हं, बोल."
मग एक मुलगी, नाकात बोलणारी, डोळे मिटून बोलणारी
(डोळे मिटलेले ऐकू येतात):
दहा, वीस, तीस,
घाईघाईत सत्तर, ऐंशी,
नव्वद, नव्वद, नव्वद,

ठोंब्यानं हात उचलला.
नियमच तसा, माझाच:
एकच आवाज तीनदा आला तर चरा समजावा.
पुन्हा लावली. पुन्हा तेच.
चऱ्याच्या पलीकडे शंभर आहे, मला खोबणी दिसते आहे,
बोटानं जरा ढकलली सुई तर येईल.
पण मग ती डोळे उघडणार,
आणि कोण कुठे लपलंय
ते एवढ्या वर्षांनी तिला कोण सांगणार?

लॅपटॉप उघडला. तीनचा आकडा खोडला.
दुसरा कुठलाच लिहिला नाही.

आता दार उघडंच आहे,
मिस्किटांचा नोएल चप्पल न काढता आत येतो,
क्षणभर ऐकतो.
"राज्य कुणावर आहे?"
ठोंब्यावर, म्हणते मी.
तो बटणांकडे नीट बघून घेतो
आणि पाय न वाजवता
फ्रीजच्या मागे जातो.
फ्रीज पांढरी दोन. नव्वद. नव्वद.