किरकोळ

महिन्याच्या शेवटच्या रविवारी
अण्णांना पाठवते वहीच्या पानाचा फोटो.
जालन्याच्या पतसंस्थेत तीस वर्षं
लोकांच्या रकमा जुळवलेला माणूस;
आधी बेरीज तपासतात, मग तब्येत विचारतात.

खोलीभाडं, चारशे दहा.
वीज आणि गॅस, चौघांत वाटून, अडतीस.
किराणा, एकोणनव्वद.
साडेसातनंतर पिवळी चिठ्ठी लागते
पावावर, पालकावर, कालच्या मशरूमवर.
चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईच्या मागे आम्ही उभे,
पुढच्या पंगतीसाठी खुर्चीमागे थांबतात तसे,
तिच्याकडे न बघता.
बस-ट्राम, शून्य.
त्या शून्यापुढे अण्णांनी एकदा
लाल पेनानं बरोबरची खूण करून
फोटो परत पाठवला होता.
क्रूक्समूरचा चढ त्यांनी पाहिलेला नाही.

आणि सगळ्यात खाली,
किरकोळ, सोळा पौंड चाळीस.

"किरकोळ म्हणजे काय?
साडेसतराशे रुपयांना किरकोळ म्हणत नाहीत."

खरंय.
पहिले दोन महिने मीही प्रत्येक वस्तू
एकशे सातने गुणून हातात घ्यायचे,
परत ठेवायचे.
केस कापणं गुणलं. कापले नाहीत.
इफेओमा नायरात गुणायची,
तिचा आकडा माझ्याहून लांब.
शेल्फासमोर दोघी ओठ हलवत,
जपाला बसल्यासारख्या.

तर अण्णा, घ्या लिहून.
दोन पौंड, कपडे वाळवायचं मशीन.
कपडे निमित्त. हात घालायचे होते त्या उबेत.
एक पौंड दहा, डॅफोडिलच्या कळ्यांची जुडी.
कांद्याची पात समजून आणली
असं घरात सांगितलं,
कुणी विश्वास ठेवला नाही.
साडेतीन, हीटर.
इफेओमाच्या आईचं ऑपरेशन होतं एनुगूला,
आम्ही पहाटेपर्यंत फोनकडे बघत बसलो.
तेवढी रात्र मी वाटणीत धरली नाही.
पाच, स्टेशनखाली कुत्र्याला मफलर गुंडाळून
बसतो तो माणूस.
नाही, त्याला तीनच.
दोनाचा चहा आणला, अर्धा अर्धा.

उरले चार ऐंशी.
आठवत नाहीत, असं लिहिलं होतं.
खोडलं.
दोनदा ट्रामनं आले, अण्णा.
फेब्रुवारीत, गारा होत्या,
पाठीवर पाच किलो तांदूळ,
आणि तुमची ती लाल खूण
मोडवत नव्हती.

एवढं सगळं टाइप केलं.
पाठवलं फक्त
"किरकोळ म्हणजे किरकोळ. बेरीज बरोबर आहे ना?"

निळ्या खुणा आल्या.
बराच वेळ नुसत्या खुणाच.
तिकडे रात्रीचे साडेअकरा, चष्मा कपाळावर सरकवून
ते पान मोठं करून बघत असणार.

मग एवढंच,
"बेरीज बरोबर.
पण बस शून्य कशी?"