कोणाला कळवायचे

सुकती बघून आम्ही होडी सोडतो.
वाशिष्ठीचं पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो
आणि त्यावर ती येऊन पडते, तोंड वासून,
जेवण आटोपलेल्या सरपंचासारखी.

त्याआधी मात्र जेटीवर माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली करवंटी.
रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन,
आणि नारिंगी जॅकेटांचा ढीग,
मागच्या रविवारच्या माणसांचा वास धरून.

नाव. वय. गाव. पोहता येतं का.
माणशी दहा रुपये विम्याचे, तिकिटातच धरलेत,
असं सांगितलं की पुण्याचे हसतात,
मुंबईचे विचारतात, मिळतात किती?
एकानं विचारलं, अर्धाच खाल्ला तर?
म्हटलं, कंपनीला विचारून सांगते.

मग नियम. शाळेतल्या कवितेसारखे पाठ झालेत:
हात होडीच्या आत. उभं राहायचं नाही.
वेफर्स टाकायचे नाहीत, ते बदक नव्हे.
लहान मूल मधे. जॅकेटचा पट्टा शेवटपर्यंत ओढलेला.
फोटोसाठी वाकाल तर विमा लागू नाही,
पान चार, कलम सात, बारीक अक्षरात.
धाकू म्हणतो, मगरीनं ते वाचलेलं नाही.

धाकू माझा नवरा. होडी तोच चालवतो.
तो सांगतो ते कुठे छापलेलं नाही:
कांदळातले पक्षी एकदम गप्प झाले तर काठाला जाऊ नये.
ओंडका प्रवाहाच्या उलट निघाला तर तो ओंडका नव्हे.
आणि उन्हाळ्यात, तिची अंडी आहेत त्या रेतीजवळ,
तो इंजिन बंद करतो, वल्ह्यानं जातो,
बाळंतिणीच्या खोलीवरून जावं तसा.

शेवटचा रकाना: कोणाला कळवायचे.
इथे पेनं थांबतात.
एका जोडप्यानं एकमेकांची नावं लिहिली.
अहो, म्हटलं, दोघं एकाच होडीत बसणार ना?
तिथेच जुंपली, तुझा भाऊ नको, तुझी बहीण नको.
कॉलेजच्या एका पोरानं आईचा नंबर लिहून खोडला,
तिला वाटत होतं तो परीक्षेला बसलाय.

आणि परवा सबनीस बाई. त्रेसष्ट. सांगलीहून, एकट्या.
गळ्यात दुर्बीण, पिशवीत दशम्या.
रकान्यापाशी आल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मांजर आहे, म्हणाल्या, पण ती फोन उचलत नाही.
मागे रांग. भरती लागायच्या आत निघायचं होतं.
रकाना रिकामा ठेवून चालत नाही, मी म्हटलं,
आणि माझंच मला कसंतरी झालं.
त्यांनी वर पाहिलं. तुमचं नाव काय हो?
मग सावकाश लिहिलं: शेवंती पालशेतकर.
पुढे, नातं. तिथे जरा अडल्या.
लिहिलं: जेटी.

दीड तास मी त्या होडीच्या वाटेकडे बघत बसले.
एरवी नाही बघत.
एरवी पाठ करून कोलंबी सोलते,
कारण पॉलिसीत प्रवासी सोळा,
चालक धरलेला नाही.
रजिस्टरात धाकूची ओळच नाही,
मग कुणाला कळवायचं ते कोण विचारणार.

वळणावर इंजिनाचा आवाज आला तेव्हा
मी आधी नारिंगी ठिपके मोजले. सोळा.
मग सतरावा, जॅकेट न घातलेला,
विडी ओढत, उभा.
होडीत उभं राहायचं नाही, मी ओरडले.
सगळे हसले, तोही हसला. मी नाही.

सोमवारी सकाळी फोन आला, अनोळखी नंबर.
पोचले हो घरी, सबनीस बोलतेय.
रकान्यात तुमचं नाव, म्हणून कळवलं.
मला काय बोलावं सुचेना.
मांजर कशी आहे, विचारलं.
तिकडे ती भुकेनं ओरडत होती,
इकडे धाकू, पट्टा आवळलेलं जॅकेट अंगात,
शिव्या देत होडीतलं पाणी उपसत होता.