मंगळवारी समुद्र बंद असतो

मंगळवारी सेकोंडीत कोणी होडी लोटत नाही.
समुद्राची सुट्टी, म्हणतात म्हातारे.
जाळी वाळत असतात, मी डेस्कवर पेंगत असतो,
कारण मंगळवारी बातमी नसते:
एकतीस वर्षांत हा माझा अंदाज
दोनदाच चुकला.

तिसऱ्यांदा चुकला तेव्हा सकाळचे सहा चाळीस.
मासे धुरावणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी
तडा गेलेला फोन धरला
खाजणाच्या तोंडाशी उताण्या पडलेल्या माशांवर,
एक मासा बोटानं उलटवला
आणि काहीच बोलली नाही. बावीस सेकंद.
मी दात घासून येईतो
चाळीस हजारांचं बघून झालं होतं.

कॅनरीचं निवेदन सात वाजून दोन मिनिटांनी.
आम्ही व्यथित आहोत.
हा किनारा आमच्या कुटुंबाचाच भाग.
खाली निळं हृदय.
मी अजून प्रश्न जुळवत होतो
आणि उत्तर आधीच येऊन बसलेलं,
पाहुण्यासारखं, पाय वर घेऊन.

निवेदन अराबा क्वान्साहचं.
तिला मीच शिकवलं होतं: कोण, कुठे, कधी,
आणि हे सगळं सांगतंय कोण.
तिची पहिली बातमी, तुंबलेल्या गटाराची,
मी निम्म्यानं कापली. ती जिन्यात जाऊन रडली.
आता तिच्या मजल्यावर एसी आहे,
आणि भिंतीवर एक पडदा
ज्यात गावाचा राग तापासारखा चढतो-उतरतो.
पानं पुसण्याचं काम, असं मी एकदा म्हणालो होतो.
तिचा पगार माझ्या चौपट.

दुपारपर्यंत त्या माशांत परमुलखातले मासे मिसळले.
मग एक मेलेलं कासव.
मग कॅनरीच्या टँकरचा ड्रायव्हर इद्रिसू,
फोटोसकट, घराच्या पत्त्यासकट.
त्याची खिडकी फुटली, त्यानंतर आम्ही शोधून काढलं
की तो महिनाभर तामालेत होता, आईच्या उशाशी.
छापलं. दुसऱ्या दिवशी, पान पाच.
वरातीमागून घोडं,
आणि तेही लंगडं.

रात्री नऊला अराबाचा फोन.
"सर, 'व्यथित' जास्त होतंय का?"
विचारायचं होतं भलतंच. तोंडातून सवय बोलली:
"विशेषण काढ. पाणी कधी सोडलं ते लिही."
ती गप्प. ती तारीख
तिलाही कुणी सांगितली नव्हती.
विशेषण मात्र तिनं काढलं.
निवेदन खरंच सुधारलं, जास्त खरं वाटू लागलं.
ही दुरुस्ती माझी.
आजवर कुणाला सांगितली नव्हती.

बुधवारी किनाऱ्यावर गेलो. भट्ट्यांचा धूर, डोळे चुरचुरणारे.
"नाव काय तुझं?"
तिनं मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतोय की काय.
एव्हाना पाच लाखांनी तिला पाहिलं होतं,
माउली म्हटलं होतं, वाघीण, विरोधकांची भाडोत्री,
नाव कुणी विचारलं नव्हतं.
"मान्सा ओटू. शेवटी दोन ओ. नीट लिहा."
किती मासे उचललेत?
"अकरा टोपल्या. बारा म्हणणाऱ्या आहेत.
पण अकरा."
मी वहीत अकरा लिहिलं, खाली रेघ ओढली,
आणि त्या रात्री मला झोप लागली.

आमचा अंक तिच्या वस्तीत जात नाही.
कुणीतरी पानाचा फोटो काढला,
कुणीतरी तो कातरला, मोठा केला, पुढे ढकलला,
आणि शनिवारी तो तिच्यापर्यंत पोचला,
त्याच तडा गेलेल्या काचेमागे.
मला दाखवला तिनं:
मथळा अर्धा, तिचं नाव कडेबाहेर गेलेलं,
माझं तर नव्हतंच.

"अकरा राहिलंय की," ती म्हणाली,
आणि जाळीवरचा मासा
बोटानं उलटवला.